मावशींना ठाऊक होते, डॉक्टरांना नव्हते

वाचकाचे पत्र

"मी सदतीस वर्षांचा जनरल सर्जन आहे. माझे मूळ गाव खानापूर तालुक्यात. एम.एस. झाल्यावर काही वर्षे मोठ्या शहरात काम केले आणि आता बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, विश्वस्त मंडळाने चालवलेल्या साठ खाटांच्या रुग्णालयात आहे. गेल्या वर्षी मंडळाने मला शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख केले. हाताला यश आहे असे लोक म्हणतात, पण माणसे माझ्यापाशी टिकत नाहीत. दोन स्टाफ नर्स सोडून गेल्या. ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आहेत आणि काही खटकले की थेट चेअरमनसाहेबांकडे जातात. मी ज्या युनिटमध्ये शिकलो तिथे सरांच्या हातातली फोर्सेप्स उडत यायची. माझाही आवाज चढतो, हे मान्य करतो. गेल्या महिन्यात हर्नियाच्या एका रुग्णाला भूल देताच उलटी झाली, ती फुप्फुसात गेली आणि त्याला बेळगावला आयसीयूत हलवावे लागले. तो वाचला. नंतर समजले की त्याने सकाळी चहा-बिस्किटे घेतल्याचे वॉर्डातल्या मावशींनी पाहिले होते. का सांगितले नाही असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'तुम्ही ओरडाल म्हणून.' आता मंडळ लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा, संच घेत आहे आणि सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. मी हॉस्पिटल मॅनेजमेंटचे एमबीए करावे का? नेतृत्व शिकता येते की ते जन्मजात असते? आणि वयाने मोठ्या माणसांवर अधिकार कसा चालवायचा?"

उत्तर

डॉक्टर, स.न.वि.वि.

तुमचे शेवटचे तीन प्रश्न थोडे बाजूला ठेवतो आणि पत्राच्या मध्यात ओघाने आलेल्या मावशींच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला जे शिकायचे आहे त्यातले बहुतेक सगळे त्या एका प्रसंगात आहे. शल्यचिकित्सकाचे नेतृत्व म्हणजे रुबाब, भाषण किंवा प्रमुखपदाची पाटी नव्हे. खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, सुरी चालण्यापूर्वी तुमच्या कानापर्यंत पोहोचते की नाही, हीच त्याची परीक्षा आहे आणि त्या सकाळी ती पोहोचली नाही.

मावशींच्या जागी उभे राहून ती सकाळ पाहा. रुग्ण यादीत पहिला आहे. त्याने बशीत चहा ओतून घेतलेला त्यांनी पाहिला. हे सिस्टरना सांगितले तर "तुझं लक्ष कुठं होतं?" हा पहिला प्रश्न येणार. सिस्टर डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर चिडणार, शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार, भाड्याची जीप करून आलेले नातेवाईक भांडणार आणि बेळगावहून आलेले भूलतज्ज्ञ रिकाम्या हाताने परत जाणार. एवढ्या सगळ्यांचा रोष अर्धा कप चहासाठी त्या बाईंनी का ओढवून घ्यावा? शिवाय, "भूल देणारे डॉक्टर विचारतीलच की" हाही विचार त्यांच्या मनात आला असणार आणि तो मुळीच चुकीचा नाही. भूलतज्ज्ञांनी बहुधा विचारलेही असेल आणि रुग्णाने "काही खाल्लं नाही" असे उत्तर दिले असेल. आपल्याकडे एकादशीला उपाशी असलेला माणूस दोनदा चहा घेतो आणि त्याचा उपवास मोडत नाही. त्यामुळे "उपाशीपोटी या" एवढी सूचना आपल्या भागात अपुरी आहे, आणि खाटेला लटकावलेली इंग्रजीतली एनबीएमची (तोंडाने काहीही देऊ नये, या अर्थाची) पाटी तर रुग्णाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दूध घातलेला चहा आणि बिस्किटे यांना सहा तास द्यावे लागतात, हे रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला आदल्या रात्री मराठीत किंवा कानडीत, चहाचे नाव घेऊन सांगितले पाहिजे. हे कोणी सांगायचे हे ठरवून देणे आणि ते रोज सांगितले जाते की नाही हे पाहणे यालाच व्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी एमबीए लागत नाही.

खोलीतल्या माणसांना माहीत असते, पण निर्णय घेणाऱ्यापर्यंत ते जात नाही, हा प्रकार केवळ तालुक्याच्या रुग्णालयांत घडतो असे समजू नका. ब्रिटनमध्ये २००५ साली सायनसच्या एका नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर एका तरुण महिलेच्या श्वासमार्गात नळी जाईना. तिथे अनुभवी डॉक्टर हजर होते आणि ते पुन्हा पुन्हा नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचा संच आणून ठेवला, दुसरीने आयसीयूतील खाटेची चौकशी केली. म्हणजे काय करायला हवे हे त्या खोलीत उमगलेले होते, फक्त ते उमगलेल्या माणसांच्या शब्दाला वजन नव्हते. ती महिला काही दिवसांनी दगावली. तिचा नवरा व्यवसायाने वैमानिक होता आणि विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने कप्तानाला कसे अडवावे याचे रीतसर शिक्षण दिले जाते हे त्याला ठाऊक होते. त्याने खटल्याच्या मागे न लागता स्वतंत्र चौकशीचा आग्रह धरला आणि पुढे २००७ साली वैद्यकीय कामातील मानवी घटकांवर काम करणारा गट उभा केला. त्या चौकशीतून निघालेला धडा आज जगभरच्या भूलतज्ज्ञांना शिकवला जातो. तो शल्यचिकित्सकांनाही तितकाच लागू आहे.

मग करायचे काय? रोज यादी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांना एकत्र उभे करा: भूलतज्ज्ञ, सिस्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय मामा आणि मावशीसुद्धा. त्या दिवसाचे रुग्ण, शस्त्रक्रियेची बाजू (डावी की उजवी), लागणारी सामग्री, रक्ताची सोय आणि कोणत्या रुग्णाबद्दल तुम्हाला स्वतःला धास्ती वाटते, एवढे बोला. "कुणाला काही शंका?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर आपल्याकडे "नाही सर" हेच असते. प्रश्न माणसागणिक आणि नेमका हवा. "मावशी, पहाटेपासून या तिघांच्या पोटात काय काय गेले?" या प्रश्नाला मान डोलावून भागत नाही. विचारण्याचा क्रम खालून वर ठेवा. तुम्ही आधी मत दिले की बाकीचे तेच म्हणतील.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. कधीतरी मावशी सांगतील की दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाने चहा घेतला आहे आणि त्या दिवशी तुमचा चेहरा काय सांगतो, यावर पुढची अनेक वर्षे ठरतील. त्या वेळी "बरं झालं सांगितलंत" हे चारचौघांत म्हणा, यादी बदला आणि नातेवाइकांपुढे तुम्ही स्वतः जा. "शस्त्रक्रिया मी पुढे ढकलली आहे" असे प्रथमपुरुषी सांगा. मावशींचे नाव त्यात येता कामा नये, कारण नातेवाईक गावचे असतात आणि मावशीही गावच्याच असतात. मंडळाशीही आधीच बोलून ठेवा की सुरक्षिततेच्या कारणाने रद्द झालेल्या शस्त्रक्रियेबद्दल कर्मचाऱ्यांकडे जाब मागितला जाणार नाही. ही हमी नसेल तर पाच मिनिटांची ती बैठक चार आठवड्यांत नुसती हजेरी होऊन बसेल.

आता तपासणी सूचीबद्दल, कारण तुमच्या थिएटरच्या भिंतीवर ती चिकटवलेली असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सूची काढली. भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे त्यात आहेत. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, ज्यांपैकी एक दिल्लीचे होते, ती वापरून पाहिल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तीच सूची सक्तीची करण्यात आली आणि १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ मध्ये तपासली गेली, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. याउलट अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या ७४ रुग्णालयांत सूचीच्या जोडीला संपूर्ण चमूला एकत्र बसवून बोलण्याचे, थांबवण्याचे आणि ऐकण्याचे शिक्षण दिले गेले. तिथे वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला, तर ज्या ३४ ठिकाणी ते शिक्षण अजून पोहोचले नव्हते तिथे ७ टक्क्यांनी. हे तिन्ही अभ्यास एकाच मापाने तोलता येणार नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही माझा कौल असा की कागद तोच राहतो आणि फरक पडतो तो तो कागद कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या शांततेत वाचला जातो याने. आपल्याकडे शस्त्रक्रिया आटोपल्यावर चहा पिता पिता रजिस्टरमध्ये तिन्ही रकान्यांत एकदम खुणा होताना कोणी पाहिलेल्या नाहीत?

ती सूची कोणत्या भाषेत म्हणायची हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या थिएटरात सिस्टर कानडीत बोलतात, स्क्रब करणारी मुलगी घरी मराठी बोलते, तंत्रज्ञ उर्दू बोलतो आणि डॉक्टर तिन्हींत इंग्रजी मिसळतात. पोट बंद करण्याच्या वेळी मॉपची, म्हणजे रक्त टिपण्याच्या कापडांची, मोजणी चाललेली आठवा: सिस्टर पाच-पाचांच्या गठ्ठ्यांतले रक्ताळलेले मॉप एकेक उलगडून किडनी ट्रेच्या कडेवर टाकत "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत असतात, फिरती परिचारिका फळ्यावरच्या आकड्याशी ताळा घेत असते आणि नेमक्या त्याच वेळी सर्जन टाक्याचा धागा मागतो. मोजणी तिथेच तुटते. माणूस मोजतो ते लहानपणी शिकलेल्या भाषेतच, तेव्हा सिस्टरना कानडीत मोजू द्या आणि तुम्ही कानडी शिका. तुमच्या पत्रातून ती तुम्हाला मोडकीतोडकी येते की अस्खलित येते हे कळले नाही. मोडकीतोडकी असेल तर एमबीएच्या आधी तीच शिकायला घ्या. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथेच असू द्या. थिएटरमध्ये त्याची तारीख लावू नये.

याच मोजणीच्या निमित्ताने तुमच्या इन्चार्ज सिस्टरांकडे येतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. तो दावा सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली निकाली निघाला आणि न्यायालयाने निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, पोटात टॉवेल सापडणे हाच त्याचा पुरावा आहे, अशी भूमिका घेऊन शासनाला जबाबदार धरले. मोजणीवर एवढे सगळे अवलंबून असते. मग ती जिच्या हाती आहे तिच्यावर 'अधिकार कसा चालवायचा' हा प्रश्नच मला उलटा वाटतो. तिला अधिकार द्या, तोही लेखी. मोजणी जुळल्याचे सिस्टर मोठ्याने सांगत नाहीत तोवर त्वचेचा टाका पडणार नाही आणि तसे होईपर्यंत सर्जन हात थांबवून उभा राहील, हा नियम तुमच्या सहीने थिएटरमध्ये लावा. निर्जंतुकीकरण, ऑटोक्लेव्हची नोंद, सामग्रीची मागणी, परिचारिकांच्या पाळ्या हा सगळा त्यांचा प्रांत. कोणत्या रुग्णाची कोणती शस्त्रक्रिया कधी आणि कशी करायची हा तुमचा. या दोन प्रांतांमधली मेर स्पष्ट नसते तेव्हाच माणसे चेअरमनसाहेबांच्या घरी जातात. चेअरमनांना सिस्टरांच्या समक्ष भेटा आणि थिएटरची कोणतीही तक्रार आधी दर शनिवारी तुम्ही दोघांनी एकत्र बसून ऐकायची, तिथे सुटली नाही तरच वर न्यायची, असे ठरवून घ्या. हे त्यांच्या पाठीमागे ठरवलेत तर ते चुगलीला चुगलीने दिलेले उत्तर होईल.

सगळे त्यांना अक्का म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा. वयाचा मान हाकेत आणि वागण्यात ठेवल्याने प्रमुखपण कमी होत नाही. मात्र त्यांचे चुकले तर ते दार लावून, दोघांतच आणि त्याच दिवशी सांगा. मुलींसमोर नाही, आणि महिनाभर मनात साठवून तर नाहीच.

आवाज चढण्याविषयी तुम्ही स्वतःहून लिहिलेत. फोर्सेप्स फेकणाऱ्या सरांकडून तुम्ही उत्तम शस्त्रक्रिया शिकलात हे खरे असेल, पण ती फेकल्यामुळे शिकलात हे कोणी सिद्ध केलेले नाही. इस्रायलमध्ये नवजात शिशु विभागातील २४ चमूंना बाहुलीवर एका आजारी अकाली बाळाचे उपचार करायला सांगितले गेले. काही चमूंना एका बाहेरच्या 'तज्ज्ञा'ने त्यांच्या कामाबद्दल तुच्छतेचे शेरे ऐकवले, बाकीच्यांना तटस्थ बोल. अपमान झालेल्या चमूंचे निदानही घसरले आणि हातांचे कामही, मुख्यतः माहिती एकमेकांना सांगणे आणि मदत मागणे कमी झाल्यामुळे. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या मावशींनी हेच एका वाक्यात सांगितले होते.

रक्तस्राव सुरू असताना मोठ्याने आणि तुटक बोलावे लागते, ते ओरडणे नव्हे. त्या वेळी "अरे, कोणीतरी रक्त मागवा" म्हटले की ते काम कोणाचेच राहत नाही आणि बेळगावहून रक्त येण्यात जो वेळ जायचा तो जातोच. नाव घ्या, काम सांगा, आणि त्या माणसाने ते उलट म्हणून दाखवेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवा: "दोन पिशव्या, आत्ता, फोन लावलाय, सर." अशा क्षणी माणसाच्या अकलेचा, जातीचा, गावाचा किंवा पगाराचा उल्लेख तोंडून गेला की पुढच्या वेळी तो माणूस रक्ताचे प्रमाण नव्हे तर तुमचा चेहरा पाहत राहील. तरीही एखादा शब्द गेलाच तर त्याच दिवशी, जितक्या माणसांसमोर गेला तितक्याच माणसांसमोर परत घ्या. खाजगीत मागितलेल्या माफीने जाहीर अपमान भरून येत नाही.

लॅप्रोस्कोपीचा संच ही माझ्या मते तुमच्यासाठी मोठी संधी आहे, कारण नव्या यंत्रापुढे सगळेच नवखे असतात आणि जुनी उतरंड तेवढ्यापुरती सैल होते. हृदयशस्त्रक्रियेत लहान छेदाचे तंत्र आले तेव्हा हार्वर्डच्या अभ्यासकांनी १६ रुग्णालयांतील चमू ते कसे शिकतात हे पाहिले आणि २००१ मध्ये मांडले. सर्जन किती ज्येष्ठ आहे किंवा रुग्णालय किती नामांकित आहे यावर शिकण्याचा वेग ठरला नव्हता. जिथे सर्जनने माणसे विचारपूर्वक निवडली, सुरुवातीला तीच माणसे कायम ठेवली, आधी रंगीत तालीम केली आणि "तुमच्याशिवाय हे मला जमणार नाही" हे शब्दांत आणि वागण्यात दाखवले, ते चमू पुढे गेले. तेव्हा संच आला की पहिली शस्त्रक्रिया लावण्याची घाई करू नका. रिकाम्या टेबलाभोवती सगळ्यांना उभे करून मॉनिटर कुठे, केबल कोणत्या बाजूने, कार्बन डायऑक्साइडचा दुसरा सिलिंडर कुठे, वीज गेली तर काय, पोट उघडायची वेळ आली तर उघड्या शस्त्रक्रियेचा ट्रे कोण पुढे करणार, हे सगळे एकदा कोरडे करून पाहा. किती वेळात पुढे सरकले नाही तर उघडायचे ही मर्यादा आधीच बोलून ठेवा आणि ती वेळ झाल्याची आठवण करून देण्याचे काम भूलतज्ज्ञांना किंवा सिस्टरना सोपवा. हातात दुर्बीण असताना सर्जनला घड्याळ दिसत नाही. पहिल्या काही रुग्णांच्या वेळी या तंत्रात मुरलेला एखादा सहकारी बेळगावहून किंवा मिरजेहून शेजारी उभा असला तर त्यात कमीपणा नाही. आणि पहिला रुग्ण विश्वस्तांच्या नात्यातला नको, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

सोडून गेलेल्या दोघी परिचारिकांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलेत. त्यांना फोन करून कारण विचारलेत का? पगार हे कारण असेल तर ते तुमच्या हातात पूर्णपणे नाही. परंतु रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळच्या यादीत थांबवून घेणे, साडेआठची वेळ देऊन सर्जनने दहा वाजता उगवणे, शेवटची बस चुकेल अशा वेळेला दुपारची शेवटची केस लावणे, ही कारणे पूर्णपणे तुमच्या हातातली आहेत. आपल्या तालुक्यांत संध्याकाळची वस्तीची गाडी गेली की खेड्यातल्या मुलीला घरी जायची सोय उरत नाही आणि हे वेळापत्रक थिएटरच्या यादीइतकेच तुमच्या डोक्यात हवे. तुम्ही वेळेवर आलात तर इतरांना वेळेबद्दल बोलण्याची फारशी गरज पडत नाही.

एक वही ठेवा, संगणक नंतर येऊ द्या. पहिला छेद किती वाजता झाला, कोणती शस्त्रक्रिया का रद्द झाली, कोणाला पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागले आणि तीस दिवसांत कोणाची जखम पिकली, एवढेच तिच्यात लिहा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णाचा अंतिम परिणाम कार्डावर लिहून तो उघड करावा असा आग्रह धरला होता आणि त्यापायी सहकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली होती. आपल्याकडे यातली शेवटची नोंद सर्वांत कठीण, कारण अथणी-रायबागकडचा रुग्ण जखम चिघळली की तुमच्याकडे परत न येता मिरज गाठतो आणि निपाणीचा कोल्हापूर. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेला मजूर तर टाके काढायच्या आधीच टोळीबरोबर पुढच्या फडावर गेलेला असतो. जखमा पिकत नाहीत असे वाटत राहण्याचे हे एक कारण आहे. म्हणून तिसाव्या दिवशी फोन करण्याचे काम एका माणसाला नेमून द्या, आणि महिन्यातून एकदा ती वही सगळ्यांसमोर उघडा. पहिली मांडायची केस तुमची स्वतःची असावी. तुमचा पहिला बैठकीचा विषय तर तयारच आहे, फक्त त्यात "चहा कोणी पाहिला" हे विचारू नका. "चहाची बातमी कोणकोणत्या दारांशी अडली" हे विचारा.

नेतृत्व जन्मजात असते का, याचे उत्तर आता सोपे आहे. ॲबर्डीन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आणि सर्जन यांनी, एडिंबरोच्या रॉयल कॉलेजच्या साहाय्याने, सर्जनच्या हाताच्या कसबापलीकडच्या कौशल्यांची मांडणी केली. परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद व सहकार्य आणि नेतृत्व असे तिचे चार भाग आहेत, आणि प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्यावरून जोखता येतो. जे जोखता येते त्याचा सरावही करता येतो. आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा रीतसर समावेश २०१९ च्या तुकडीपासून झाला, म्हणजे तुमच्या पिढीला तो मिळालाच नाही. तो स्वतःच मिळवावा लागेल. तुमच्याकडे येणाऱ्या भूलतज्ज्ञांना विनंती करा की महिन्यातून एक संपूर्ण यादी त्यांनी या चार भागांवर तुम्हाला जोखावे आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी दहा मिनिटे स्पष्ट बोलावे. भूलतज्ज्ञ टेबलाच्या डोक्याशी बसून सगळे पाहत असतात आणि अनेक सर्जन पाहिलेले असतात. ते तुमच्या हाताखाली नाहीत, त्यामुळे खरे बोलू शकतात. ऐकताना खुलासे देऊ नका.

राहिले एमबीए. सध्या करू नका. दोन वर्षे शनिवार-रविवार पुण्या-बेंगळुरूला घालवलेत तर ताळेबंद वाचता येईल, पण थिएटरमधली माणसे आणखी दुरावतील, आणि तुमची अडचण ताळेबंदाची नाही. वर्षभर ही वही, शनिवारची बैठक आणि सकाळची पाच मिनिटे चालवून पाहा. त्यानंतर मंडळाने तुम्हाला संपूर्ण रुग्णालयाची धुरा देऊ केली, किंवा रुग्णालयाला एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनासाठी तयार करायचे ठरले, तर इग्नूची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करण्यासारखी आहे. त्या वेळी फी मंडळाने भरावी आणि अभ्यासाची रजा नेमणूकपत्रात लिहून द्यावी, ही मागणी प्रवेश घेण्यापूर्वी करा. प्रवेश घेतल्यावर ती कोणी ऐकत नाही.